शावीचा ईमेल खोटा निघाला, पण भारताच्या फुटबॉल कोचसाठी उरलेली तीन नावं खरी होती

जुलै २०२५ मध्ये ती बातमी तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेली असेल. स्पेनसाठी वर्ल्डकप जिंकलेला, बार्सिलोनाचा माजी कोच शावी हर्नांडेझ याने म्हणे भारताचा कोच होण्यासाठी अर्ज केला होता. आणि आपल्या फेडरेशनने तो परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला. झालं. पुढचा दिवसभर मीम्सचा पाऊस. कुणी शावीला वडापाव खायला लावला, कुणी त्याला मुंबई लोकलच्या दारात लटकवला. निम्मी जनता फेडरेशनला शिव्या घालत होती, की एवढा मोठा माणूस स्वतःहून येतोय आणि तुम्ही पैशाचं रडगाणं गाताय.

दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे एआयएफएफने खुलासा केला. शावीच्याच नव्हे, तर पेप ग्वार्दिओलाच्या नावानेही अर्ज आला होता आणि दोन्ही अर्ज खरे नव्हते. कुणीतरी ईमेल पाठवून मजा घेतली होती.

हसून सोडून देण्यासारखा किस्सा आहे, मान्य. पण या गडबडीत जी खरी बातमी होती तिच्याकडे फार कुणी बघितलंच नाही. एकूण १७० अर्ज आले होते. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीने त्यातून तीन नावं निवडली होती : स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्टेफान तारकोविच आणि खालिद जमील. यातलं एक नाव एआयएफएफची कार्यकारी समिती शुक्रवारी, १ ऑगस्ट २०२५ ला ठरवणार होती.

एक इंग्लिश, एक स्लोव्हाक आणि एक आपला, तोही मुंबईच्या मैदानांवर घडलेला. साहजिकच सोशल मीडियावर चर्चा एकाच रुळावर गेली होती. परदेशी की भारतीय? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पण त्याकडे नंतर येऊ. आधी आपण किती खड्ड्यात होतो ते बघू, कारण त्याशिवाय या तिघांपैकी कोण कामाचा हे कळणार नाही.

दोन वर्षांत काय झालं?

जुलै २०२३ मध्ये भारत फिफा क्रमवारीत ९९ व्या स्थानी होता. त्या वर्षी आपण इंफाळमधली तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ स्पर्धा अशा तीन ट्रॉफ्या उचलल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये आपण १३३ व्या स्थानी होतो.

मधल्या काळात इगोर स्टिमॅक गेला. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत आपण अफगाणिस्तानकडून हरलो, जूनमध्ये वर्ल्डकप पात्रतेच्या तिसऱ्या टप्प्याचं दार बंद झालं आणि सुनील छेत्री निवृत्त झाला. मग मानोलो मार्केझ आला. तोही कसा, तर एफसी गोवाचा कोच असतानाच. म्हणजे सकाळी क्लब, संध्याकाळी देश. पूर्ण वर्ष त्याने दोन्ही नोकऱ्या सांभाळल्या.

निकाल काय? मानोलोच्या हाताखाली भारत आठ सामने खेळला. एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव. तो एकुलता एक विजय मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० असा मिळाला आणि त्याआधी तब्बल ४८९ दिवस भारत जिंकलाच नव्हता. २०२४ हे अख्खं वर्ष विजयाविना गेलं. मालदीवला हरवायलासुद्धा छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं होतं.

आता यातला सगळ्यात दुखरा आकडा बघा. या आठ सामन्यांत भारताने एकूण पाच गोल केले. त्यातले तीन मालदीवला. आठपैकी पाच सामन्यांत आपल्याला एकही गोल करता आला नाही. यात मॉरिशसही आलं आणि बांगलादेशही.

त्याचा फटका जिथे बसायला नको तिथे बसला. २०२७ चा आशियाई कप सौदी अरेबियात आहे. त्याच्या पात्रता फेरीत आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. कागदावर सोपा गट. पण बांगलादेशशी घरच्या मैदानावर ०-० आणि १० जून २०२५ ला हाँगकाँगमध्ये भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर ०-१. त्यानंतर हाँगकाँग आणि सिंगापूरकडे चार-चार गुण होते, आपल्याकडे आणि बांगलादेशकडे एक-एक. गटातून फक्त पहिला संघ जाणार होता. चार सामने उरले होते आणि त्यातले पहिले दोन सिंगापूरशी होते. ९ ऑक्टोबरला तिकडे, १४ ऑक्टोबरला आपल्याकडे.

लक्षात घ्या, हा आशियाई कप २४ संघांचा आहे. २०१९ आणि २०२३ ला आपण तिथे होतो. २०२७ ला पोचणं म्हणजे सलग तिसऱ्यांदा झालं असतं, जे आजवर कधीच झालेलं नाही. नाही पोचलो तर पुढची चार वर्षं भारतीय संघ कुणाशी, कशासाठी खेळणार हा खरंच प्रश्न होता.

२ जुलै २०२५ ला मानोलो आणि एआयएफएफ परस्पर संमतीने वेगळे झाले. म्हणजे नव्या कोचचं पहिलं खरं काम हे होतं, की सिंगापूरला दोनदा हरवायचं. 'भारतीय फुटबॉलची पुनर्रचना' वगैरे नंतर.

राष्ट्रीय कोच नक्की करतो काय?

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण क्रिकेट बघून आपला गोंधळ होतो. क्रिकेटचा राष्ट्रीय संघ वर्षभर एकत्र फिरतो. फुटबॉलमध्ये खेळाडू क्लबचे नोकर असतात. क्लबचा कोच त्यांना रोज सकाळी मैदानावर बघतो, आठ-दहा महिने. राष्ट्रीय कोचला ते मिळतात फिफाच्या ठरलेल्या विंडोमध्ये. २०२५ मध्ये त्या होत्या मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस, त्यातले दोन-तीन प्रवासात आणि थकवा काढण्यात. आपल्याकडे जास्तीच्या शिबिरांसाठी क्लबांकडे खेळाडू मागायचे तर दरवेळी रडारड.

सांगायचा मुद्दा, राष्ट्रीय कोच खेळाडूला पास द्यायला शिकवू शकत नाही. त्याला वेळच नसतो. तो तीन गोष्टी करू शकतो. योग्य माणसं निवडणं, चार दिवसांत शिकवता येईल इतकी साधी रचना बसवणं आणि ड्रेसिंग रूम एकत्र ठेवणं. मानोलो हा काही फडतूस कोच नाही. हैदराबादला त्याने आयएसएल जिंकून दिली, गोव्याला सुपर कप. पण त्याचं फुटबॉल रोजच्या सरावातून पिकतं. इंडिया कॅम्पमध्ये ते कच्चंच राहिलं.

या मापाने तिघांकडे बघू.

कॉन्स्टंटाईन : ओळखीचा डॉक्टर

स्टीफन कॉन्स्टंटाईन दोनदा भारताचा कोच होऊन गेलाय. २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९. पहिल्या वेळी व्हिएतनाममध्ये एलजी कप आणि २००३ च्या हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत रौप्य. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा भारत १७१ व्या स्थानी होता, मार्च २०१५ मध्ये १७३ वर घसरला आणि जुलै २०१७ मध्ये ९६ वर पोचला. २०१९ च्या आशियाई कपमध्ये थायलंडला ४-१ ने धुतलं. बहारीनविरुद्ध एक बरोबरी मिळाली असती तरी आपण बाद फेरीत असतो, पण शेवटच्या क्षणी पेनल्टी गेली. कॉन्स्टंटाईनने त्याच रात्री राजीनामा दिला.

त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याला भारत माहीत आहे. आपला प्रवास, उकाडा, फेडरेशनचं राजकारण, यातलं काहीच त्याला नव्याने सांगावं लागणार नाही. शिवाय कमकुवत संघाकडून काम करून घेणं ही त्याची खासियत. पाकिस्तानला वर्ल्डकप पात्रता फेरीतला इतिहासातला पहिला विजय त्याच्याच काळात मिळाला, २०२३ मध्ये कंबोडियाविरुद्ध.

मग अडचण काय? अडचण अशी, की २०१७ ची ती उडी आज पुन्हा मारता येणार नाही. तेव्हा आपण तळाला होतो, समोर मकाऊसारखे संघ होते आणि आशियाई कप नुकताच १६ वरून २४ संघांचा झाला होता. आता आपण त्या पायरीवर नाही. तिथून पुढे कसं जायचं याचं उत्तर त्याच्याकडे २०१९ मध्येही नव्हतं. मधे २०२२-२३ च्या हंगामात तो ईस्ट बंगालला होता, तिथेही आयएसएलमध्ये संघ खालच्याच गर्दीत राहिला. एकाच कोचला तिसऱ्यांदा बोलावणं म्हणजे गेल्या वीस वर्षांत आपण दुसरं कुणी शोधलंच नाही, याची कबुली आहे.

तारकोविच : सर्वात भारी बायोडेटा

नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही शॉर्टलिस्ट आल्यावरच नीट वाचलं. स्टेफान तारकोविच स्लोव्हाकियाचा कोच होता. त्याच्या हाताखाली स्लोव्हाकियाने बेलफास्टमध्ये नॉर्दर्न आयर्लंडला हरवून युरो गाठलं आणि तिथे लेवांडोव्स्कीच्या पोलंडला २-१ ने हरवलं. नंतर स्पेनने त्यांना ०-५ ने फोडलं, तो भाग वेगळा.

आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे त्यानंतरचं काम. २०२३ मध्ये तो किर्गिझस्तानला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताने इंफाळला किर्गिझस्तानला २-० ने हरवलं होतं. म्हणजे साधारण आपल्याच पातळीचा संघ. तारकोविचने त्यांना वर्ल्डकप पात्रतेच्या तिसऱ्या टप्प्यात नेलं. आपण बरोबर त्याच पायरीवर घसरलो.

तिघांत कागदावर हाच सरस. मोठी स्पर्धा पाहिलेला, आशिया पाहिलेला, राष्ट्रीय संघाच्या थोड्या दिवसांत काम करायची सवय असलेला. वर्ष हातात असतं तर मी डोळे झाकून याचं नाव घेतलं असतं. पण त्याने भारतीय खेळाडू फक्त व्हिडिओवर पाहिलेत. ऑक्टोबरपर्यंत त्याला संघ ओळखायचा होता आणि एरवी त्यासाठी तो आयएसएलचे सामने बघायला गेला असता. ते सामने होणार होते का? यावर पुढे बोलू, कारण सगळ्यात मोठा लोचा तिथेच होता.

खालिद

आता तिसरं नाव. इथे जरा जास्त वेळ थांबतो.

खालिद जमील कुवेतमध्ये जन्मला, पण फुटबॉलर म्हणून मुंबईचा. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, भारताकडूनही खेळला. दुखापतींनी कारकीर्द आटोपली आणि २००९ मध्ये तो मुंबई एफसीचा कोच झाला. रणबीर कपूरच्या मुंबई सिटीशी गल्लत करू नका. मुंबई एफसी हा आय-लीगचा क्लब होता. पैसा बेताचा, प्रेक्षक बेताचे, घरचं मैदान कधी कूपरेज तर कधी थेट पुण्यातलं बालेवाडी. शाळेत असताना काकासोबत मी कूपरेजला दोन-तीन सामने पाहिलेत. गोल आठवत नाहीत. टचलाइनवर हाताची घडी घालून उभा असलेला आणि नव्वद मिनिटं जागेवरून फारसा न हललेला माणूस आठवतो.

त्या क्लबला खालिदने सात हंगाम आय-लीगमध्ये टिकवलं. चॅम्पियन वगैरे नाही, फक्त टिकवलं. लोक म्हणायचे, बचाव करत बसतो, बघवत नाही. २०१६ मध्ये क्लबने त्याला नारळ दिला.

पुढे जे झालं ते भारतीय फुटबॉलमधल्या सगळ्यात भारी गोष्टींपैकी एक आहे. खालिद मिझोरामला गेला, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या हंगामात आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढलं म्हणून त्यांना जागा मिळाली. खालिदने मुंबई एफसीमधले जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले, गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलमध्ये उभा केला, सीरियाचा अल आमना मधल्या फळीत आणि बाकी स्थानिक मिझो पोरं. २०१६-१७ च्या हंगामाच्या शेवटी टेबल असं होतं : ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारताचा पहिला राष्ट्रीय लीग विजेता.

त्याच टेबलात सगळ्यात खाली कोण होतं? मुंबई एफसी. क्लब खाली गेला आणि मग संपलाच.

नंतरचा प्रवास मात्र सरळ नाही आणि खालिदचे चाहते तो भाग गाळून सांगतात. ईस्ट बंगालला लीग जिंकता आली नाही. मोहन बागानला थोडक्यात आटोपलं. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला मधेच हाती घेऊन त्याने प्लेऑफमध्ये नेलं आणि तो आयएसएलमधला पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य कोच झाला. पण पुढच्याच हंगामात तोच संघ अकरात दहावा आला. मग खालच्या लीगमध्ये जाऊन त्याने पुन्हा सुरुवात केली. तिथून जमशेदपूर. २०२४-२५ च्या हंगामात जमशेदपूर आयएसएलमध्ये पाचवं आलं, उपांत्य फेरीत मोहन बागानला पहिल्या सामन्यात २-१ ने हरवलं आणि दुसऱ्या सामन्यातल्या भरपाईच्या वेळेतल्या गोलने बाहेर पडलं. गंमत म्हणजे त्या २-१ मधला विजयी गोल करणाऱ्याचं नाव होतं हावी हर्नांडेझ. शावी नाही, हावी. त्याला सांभाळायचा अनुभव खालिदकडे आहे.

मे २०२५ मध्ये सुपर कपच्या फायनलमध्ये जमशेदपूर गोव्याकडून ०-३ हरलं. समोरच्या बाकावर मानोलो होता. म्हणजे मावळता राष्ट्रीय कोच आणि त्याच्या जागेचा दावेदार समोरासमोर होते आणि मावळता जिंकला. क्लबचं काम आणि देशाचं काम किती वेगळं असतं, हे तिथेच दिसतं.

तर खालिद राष्ट्रीय कोचच्या मापात बसतो का? माझ्या मते बसतो, आणि कारण त्याचं भारतीय असणं नाही. त्याने आयुष्यभर हेच काम केलंय. मिळतील ती माणसं घेऊन, थोड्या सरावात, साधी रचना बसवायची. मागे घट्ट बसायचं, चेंडू समोरच्याला खेळू द्यायचा, कॉर्नर आणि फ्री किकवर जीव लावायचा, वेगाने पुढे जायचं. बघायला सुंदर नाही. पण हे चार दिवसांत शिकवता येतं. आणि २३ जणांचा संघ निवडताना त्याला व्हिडिओ लावावे लागणार नाहीत. यातल्या जवळपास प्रत्येकाविरुद्ध त्याने गेल्या दोन हंगामांत डाव आखलेत.

आता तुम्ही म्हणाल, गोल कोण करणार? बरोबर बोललात. हा खालिदवरचा सगळ्यात मजबूत आक्षेप आहे. जमशेदपूरचे महत्त्वाचे गोल परदेशी खेळाडूंनी केले आणि इंडिया कॅम्पमध्ये ते नसतील. पण हाच आक्षेप तारकोविचलाही लागू आहे, कॉन्स्टंटाईनलाही, आणि उद्या खराखुरा शावी आला असता तरी त्यालाही. आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असतात आणि क्लब त्यांना सर्वात आधी पुढच्या फळीत लावतात. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक गोल कुणाचे? सुनील छेत्रीचे, १४. वय तेव्हा ४०.

कोच बदलून स्ट्रायकर तयार होत नाही. कोच एवढंच करू शकतो, की स्ट्रायकर नसतानाही सामना जिंकता येईल असा डाव मांडणं. त्या कामात या तिघांत खालिदचा हात सर्वात जास्त बसलेला आहे.

"भारतीय कोच" या शब्दाची किंमत

आधी म्हटलं होतं की परदेशी की भारतीय हा प्रश्न चुकीचा आहे. का ते सांगतो.

भारताचं फुटबॉलमधलं सोनं भारतीय कोचच्याच हातून आलं. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सय्यद अब्दुल रहीम कोच होते, अजय देवगणच्या 'मैदान'मुळे ते नाव आता घरोघरी माहीत आहे. अगदी अलीकडे २०११ मध्ये गोव्याचे आर्मांदो कोलासो, ज्यांनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद दिलं, काही महिने राष्ट्रीय कोच होते. त्यांच्यानंतर गोव्याचेच सावियो मदेरा. सावियोंनी २०११ ची सॅफ स्पर्धा जिंकली. मग मार्च २०१२ मध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला. सावियो गेले आणि त्यानंतर १३ वर्षं एकाही भारतीयाला ती खुर्ची मिळाली नाही.

आता उलट बाजू. कोवरमान्स गेले तेव्हा कुणी म्हटलं का, की डच कोच भारताला झेपत नाहीत? स्टिमॅक गेला म्हणून क्रोएशियन माणसांचे अर्ज बंद झाले? नाही. परदेशी कोच हरला की तो माणूस जातो. भारतीय कोच हरला की त्याच्यामागे उभी असलेली सगळी रांग परत फिरते. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत मुख्य कोच राहिलेला भारतीय एकटा खालिद होता. बाकीचे भारतीय एकतर मधेच गेले किंवा परदेशी कोचला काढल्यावर तात्पुरते बसवले गेले.

म्हणून मला भीती खालिदला डावललं जाण्याची नव्हती. तो स्वस्त आहे म्हणून निवडला जाण्याची होती.

ही शंका मी हवेतून काढलेली नाही. एआयएफएफने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टिमॅकचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि आठ महिन्यांत त्याला काढलं. तो भरपाईसाठी भांडला आणि शेवटी चार लाख डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे तीन कोटी रुपयांहून जास्त. त्यानंतर आलेला कोच क्लबसोबत वाटून घेतलेला, म्हणजे अर्धवेळ. आणि २०२५ मध्ये तर तिजोरीचीच पंचाईत होती.

ती अशी. आयएमजी-रिलायन्सने २०१० मध्ये एआयएफएफशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला होता, जो पुढे रिलायन्सच्या एफएसडीएल कंपनीकडे आला. आयएसएल त्यावरच चालायची आणि फेडरेशनला वर्षाला ५० कोटी त्यातूनच यायचे. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार झाला नव्हता. ११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबांना कळवलं की २०२५-२६ ची आयएसएल सध्या थांबवली आहे. एरवी सप्टेंबरमध्ये लीग सुरू झाली असती. जुलैत ड्युरंड कप सुरू झाला, पण त्यातही आयएसएलचे निम्म्याहून जास्त क्लब उतरले नव्हते.

आता ऑक्टोबरकडे पुन्हा बघा. सिंगापूरविरुद्ध उतरणाऱ्या आपल्या कित्येक खेळाडूंनी तोपर्यंत उन्हाळ्यापासून एकही स्पर्धात्मक सामना खेळलेला नसेल, अशी भीती होती. कोच कुणीही असो, त्याच्या हाती येणार होते ते गंज चढलेले पाय. अशा वेळी 'आपलाच माणूस आहे, समजून घेईल' म्हणून खालिदला बसवायचं, कमी पगार द्यायचा, ऑक्टोबरमध्ये हरलो की 'भारतीय कोचला संधी दिली होती' म्हणायचं आणि नव्या वर्षात पुन्हा जाहिरात काढायची, हा खेळ अगदी डोळ्यासमोर दिसत होता.

त्यामुळे १ ऑगस्टला नाव कुणाचं येतं यापेक्षा करार कसा आहे ते आधी वाचणं महत्त्वाचं होतं. पूर्णवेळ आहे का? क्लबची नोकरी सोडून येणार का? मुदत फक्त या पात्रता फेरीपुरती आहे की किमान दोन वर्षांची? सिंगापूरशी हरलो तर काय, हे आधी ठरलंय का? खालिदला हे सगळं मिळणार असेल तर माझं मत त्याला होतं. मिळणार नसेल तर कॉन्स्टंटाईनला सहा महिन्यांसाठी बोलवावं, असं मला वाटत होतं. त्याला ही खुर्ची कशी डुगडुगते ते ठाऊक आहे आणि तो पडला तर त्याच्यासोबत दुसरं कुणी पडणार नाही. तारकोविचसाठी मला वाईट वाटतं. तो बरोबर माणूस होता, चुकीच्या महिन्यात आला.

१ ऑगस्टला निर्णय झाला की सिंगापूरच्या पहिल्या सामन्याला ६९ दिवस उरणार होते, मधे सप्टेंबरची एक विंडो. खालिदचं नाव आलं तर जमशेदपूरला ड्युरंड कप चालू असतानाच नव्या कोचची सोय बघावी लागणार होती. त्यांच्याकडे कुणाकुणाचे अर्ज येतात ते कळेलच, फक्त ईमेल आयडी एकदा तपासून घ्या म्हणावं.